आधी वेळ मोजा, मग पाऊल

पळायला सुरुवात करणाऱ्याच्या डोक्यात साधारण एकच आकडा असतो: अर्धा तास. आठवड्यातून चार दिवस, रोज अर्धा तास, एवढं तर कुणालाही जमेल. आणि तिसऱ्या आठवड्यात ते बंद पडतं. मग आळस, जिद्द, इच्छाशक्ती यांवर खापर फुटतं. बहुतेक वेळा मात्र घोळ हिशोबातच असतो. अर्धा तास पळायला अर्ध्या तासात भागत नाही.

कपडे बदलणं, बूट चढवून लेस नीट बांधणं, दोन घोट पाणी, किल्ली शोधणं यात ८ ते १० मिनिटं जातात. चालत अंग गरम करायला ५ ते ७. पळणं ३०. श्वास जागेवर येईपर्यंत चालायला ५. मांड्या-पोटऱ्या सैल करायला आणखी ५. शेवटी घाम निथळणं आणि आंघोळ, १५ ते २० मिनिटं. हा शेवटचा भाग जवळजवळ सगळे विसरतात. घाम येतच असताना आंघोळ उरकली तर शर्टाची बटणं लावेपर्यंत पाठ पुन्हा ओली होते, त्यामुळे ती थांबायची पाचेक मिनिटं चुकवता येत नाहीत. बेरीज सव्वा तासाच्या आसपास जाते. ज्याने अर्ध्या तासाची जागा काढली, त्याला रोज पाऊण तास कुठून तरी उसना आणावा लागतो. दोन आठवडे तो मिळतो, मग घरचे आणि कामावरचे लोक तो परत मागायला लागतात.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी. सात दिवस रोज रात्री त्या दिवसाचं खरं वेळापत्रक लिहायचं: उठलो कधी, बाहेर पडलो कधी, जेवलो कधी, फोन हातात घेऊन किती वेळ गेला, पाठ टेकली तेव्हा किती वाजले होते. काय ठरवलं होतं ते लिहायचं नाही, घडलं तेच लिहायचं. आठव्या दिवशी त्यात दोन प्रकारच्या मोकळ्या जागांवर खुणा करायच्या. एक, सलग सव्वा तासाच्या. दुसऱ्या, १५ ते २५ मिनिटांच्या तुटक. आठवड्याचे १६८ तास असूनही पहिल्या प्रकारच्या जागा तीन-चारच निघतात. दुसऱ्या प्रकारच्या बऱ्याच सापडतात, आणि त्यातल्या निम्म्या फोनने खाल्लेल्या असतात.

पळणं सलग जागेत ठेवायचं. तुटक जागेत जलद चालणं, जिने, बैठका, भिंतीला टेकून जोर, पोटरीचे व्यायाम. यांना ना कपडे बदलावे लागतात ना आंघोळ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. २०१० च्या सूचनांत व्यायामाचा प्रत्येक तुकडा निदान १० मिनिटांचा असावा अशी अट होती, ती २०२० मध्ये गेली. त्यामुळे चार मिनिटांचे जिनेही आता हिशोबात येतात. तीनदा अर्धा तास पळणं आणि दोनदा वीस मिनिटं बैठका-जोर-पोटऱ्या, एवढ्यात ही गरज भागते. चौथ्या-पाचव्या दिवसाची ओढाताण करायचं सुरुवातीला काहीच कारण नाही.

पोटरीचा व्यायाम पळणाऱ्याने टाळूच नये. पायरीच्या कडेवर फक्त चवडे टेकवायचे, टाचा हवेत. दोन मोजत टाचा वर, तीन-चार मोजत पायरीच्या पातळीखाली. १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या. दोन्ही पायांवर सोपं वाटायला लागलं की एका पायावर. पळताना शरीराचा भार पुढे ढकलण्याचं मोठं काम पोटरी आणि टाचेमागची जाड शीर (अकिलिस टेंडन) करतात, आणि नवशिक्यांची बरीच दुखणी याच पट्ट्यात असतात.

सकाळ बरी की संध्याकाळ, यावर हिरीरीने वाद होतात. शरीराच्या दृष्टीने संध्याकाळ सोयीची असते, कारण सांधे मोकळे असतात आणि त्याच वेगाला कमी कष्ट वाटतात. पण कामं लांबतात, पाहुणे येतात, आणि जेवणानंतर पोट हलकं व्हायला दोन-तीन तास द्यावेच लागतात. सकाळी कुणी मध्ये येत नाही. मात्र ती सकाळ झोपेतून कापून आणली असेल तर महिन्याभरात कोसळते. तासभर लवकर उठायचं तर तासभर लवकर झोपायला हवं, म्हणजे रात्रीचं जेवणही अलीकडे ओढायला हवं, आणि हे एका रात्रीत होत नाही. दर चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे सरकवलं तर शरीर कुरकुरत नाही. सकाळी अंग गरम करायला पाच मिनिटं जास्त धरायची, आणि पोट साफ होण्याला लागणारा वेळही धरायचा. याबद्दल कुणी बोलत नाही, पण सकाळचं पळणं अर्ध्यावर सोडावं लागण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

आणखी एक गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. पळणं घड्याळाला बांधू नये, आधीच्या कामाला बांधावं. 'सहा वाजता' म्हटलं की सव्वासहा होतात, मग साडेसहा, मग उद्या. 'मुलं शाळेत गेली की' किंवा 'कामावरून घरात शिरल्यावर, खुर्चीत बसण्याआधी' असं ठरलं की विचार करायला जागाच उरत नाही. कपडे, मोजे, बूट आदल्या रात्री दाराशी एकत्र ठेवावेत. ज्या दिवशी सव्वा तास मिळणारच नाही असं दिसतं, त्या दिवशीही ती जागा रिकामी सोडू नये, अंगावरच्या कपड्यांनिशी वीस मिनिटं झपाझप चालून यावं. एक दिवस पळणं चुकल्याने दम कमी होत नाही, पण जागा दोन-तीनदा रिकामी राहिली की दुसरं काहीतरी तिथे येऊन बसतं.

पहिले दोन आठवडे त्या सव्वा तासात फक्त चालायचं, घरात असलेल्या कुठल्याही बऱ्या बुटात. नवे बूट अजून घ्यायचे नाहीत. नवशिक्यांना मी हाच क्रम सांगतो, आणि बहुतेकांना तो पटत नाही, कारण बूट घेणं हीच सगळ्यात उत्साहाची पायरी असते. पण या दोन आठवड्यांत काढलेली जागा टिकते का ते कळतं. शिवाय आपण नेमके कशावर पळणार आहोत तेही कळतं: डांबर, काँक्रीट, मातीची वाट, की ट्रेडमिल. बुटाची निवड त्यावर ठरते.

मग पळणं आणि चालणं मिसळायचं. १ मिनिट सावकाश पळणं, २ मिनिटं चालणं, असं दहा वेळा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. हा टप्पा अंगवळणी पडला की दोन-दोन मिनिटं, मग ३ मिनिटं पळणं आणि १ मिनिट चालणं. सलग अर्धा तास पळायला दोन-अडीच महिने लागले तर ते अगदी वेळेवर झालं असं समजावं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात, पण स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या शिरा आणि हाडं मागाहून येतात. दम पुरतो म्हणून अंतर वाढवलं जातं आणि दुखतं ते नडगीचं हाड.

आता बूट. सावकाश पळणाऱ्याची पावलं मिनिटाला १६० च्या आसपास पडतात. अर्ध्या तासात ४८००, म्हणजे एकेका पायाला २४००. प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर येतो. बुटात दोन मिलिमीटरची कुचंबणा असेल तर ती एकदा जाणवत नाही, २४०० वेळा जाणवते. म्हणून रंग, नाव आणि जाहिरात यांच्याआधी माप.

पाऊल संध्याकाळी मोजावं, कारण दिवसभर उभं राहून-चालून ते थोडं पसरलेलं असतं, आणि पळतानाही पसरतंच. जमिनीवर कोरा कागद भिंतीला टेकवून ठेवायचा. ज्या मोज्यात पळणार तोच मोजा घालून टाच भिंतीला लावायची आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. खूण दुसऱ्याने करावी. आपणच वाकलो की भार पुढे जातो आणि माप बदलतं. पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करायची. ते बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट लांब असतं. मग चवड्याच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन्ही बाजूंना खुणा. दोन्ही पावलं मोजायची. ती क्वचितच तंतोतंत सारखी निघतात, आणि बूट मोठ्या पावलाच्या मापाने घ्यायचा.

लांबी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. नंबरांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे सुमारे ८.५ मिमी, म्हणून अर्धा नंबर ४ मिमीच्या थोडा वर. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे ६.७ मिमीच्या आसपास. त्यात प्रत्येक कंपनीचा साचा निराळा, त्यामुळे एका कंपनीचा ८ दुसऱ्या कंपनीच्या साडेआठसारखा बसतो. बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवर बहुधा सेंटिमीटरमधलाही आकडा असतो. आपल्या लांबीपेक्षा तो अर्धा ते एक सेंटिमीटर जास्त असेल अशा नंबरापासून घालून बघायला सुरुवात करावी. ऑफिसच्या बुटापेक्षा पळण्याचा बूट अर्धा, कधी एक नंबर मोठा निघतो. ते बरोबरच आहे.

रुंदीकडे तर लक्षच जात नाही. बूट चवड्याला आवळतो म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात. मग लांबी नको तितकी होते, टाच मागे-पुढे सरकते, आणि बूट जिथे वाकतो ती जागा आपल्या बोटांच्या सांध्याच्या पुढे जाते. आवळतो तो रुंदीत, तर रुंद साचा मागावा. लेबलवर रुंदी इंग्रजी अक्षरांत असते: पुरुषांच्या बुटात डी म्हणजे नेहमीची, टू-ई म्हणजे रुंद, फोर-ई त्याहून रुंद, बायकांच्या बुटात बी नेहमीची आणि डी रुंद. रुंदी पारखायची एक सोपी रीत आहे. बुटातला सुकतळा बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल कडेबाहेर सांडत असेल, विशेषतः करंगळीच्या बाजूला, तर तो साचा आपला नाही. त्याच वेळी पुढे किती जागा उरते तेही डोळ्यांना दिसतं.

बूट घातल्यावर उभं राहून तपासायचं. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. बोटं आत वर-खाली हलवता यावीत. मधल्या भागात बूट पावलाला सगळीकडून धरून असावा, पण वरच्या हाडावर दाब नको. टाच मागच्या कपात घट्ट बसावी. चालताना ती कपातून वर निसटत असेल तर आधी लेस बदलून बांधावी, तरीही निसटली तर बूट बदलावा. आतून हात फिरवून शिवण कुठे टोचते का ते बघावं. दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून पाहावेत. एखादा एका अंगाला कललेला असेल तर चिकटवण्यातच दोष आहे, तो घेऊ नये. मग खरोखर पळून बघावं, चार-पाच मिनिटं तरी. दुकानात नुसतं आरशासमोर चालून काही कळत नाही. ऑनलाइन मागवायचे असतील तर लगतचे दोन नंबर मागवून, घरातल्या स्वच्छ फरशीवर पळून, एक परत करावा.

'चार दिवस वापरा, सैल होतील' असं कुणी म्हणालं तर ऐकू नये. चामड्याच्या बुटाला ते लागू पडत असेल. पळण्याच्या बुटाचं वरचं जाळीदार कापड फारसं ताणत नाही. आज टोचतं ते दहा किलोमीटरनंतरही टोचणार.

पूर्वी दुकानात ओल्या पावलाचा ठसा बघून बूट सुचवण्याची पद्धत होती, अजूनही दिसते. सपाट ठसा असेल तर आतल्या बाजूने कडक बूट, उंच कमान असेल तर मऊ. अमेरिकेच्या भूदलात, हवाईदलात आणि मरीन कोअरमध्ये मूलभूत प्रशिक्षण घेणाऱ्या जवानांना याच रीतीने कमान पाहून बूट देऊन तपासणी झाली होती. कमानीनुसार बूट दिल्याने इजा कमी झाल्या नाहीत. पाऊल टेकताना थोडं आतल्या बाजूला कलणं ही धक्का पचवण्याची नैसर्गिक हालचाल आहे, त्याला रोग समजायचं कारण नाही. कॅलगरी विद्यापीठातले बेन्नो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलं की बूट निवडताना पायाला काय सुखावह वाटतं, ही सर्वांत भरवशाची चाळणी आहे. मला हे मनापासून पटतं. तीन-चार जोड एकापाठोपाठ घालून पळावं, आणि ज्यात पायाकडे लक्ष जाणंच बंद होतं तो घ्यावा. जुनं दुखणं असलेल्यांची गोष्ट वेगळी; त्यांनी फिजिओथेरपिस्टला पाऊल दाखवून मग जावं.

कागदावरचे दोन-तीन आकडे मात्र समजून घ्यावेत. टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी यांतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात, तो शून्यापासून १२ मिमीपर्यंत असतो. ड्रॉप कमी असेल तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जास्त भार येतो, जास्त असेल तर तो गुडघ्याकडे सरकतो. आजवर १० मिमीचे बूट वापरणाऱ्याने एकदम ४ मिमीचे घातले तर आठवड्याभरात पोटऱ्या बोलायला लागतात. नवशिक्याने ८ ते १० मिमीच्या आसपास राहावं. तळाची एकूण जाडी हा दुसरा आकडा. रस्त्यावरच्या स्पर्धांसाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने ४० मिमीची मर्यादा घातली आहे. जाड तळ मऊ लागतो, पण उंचीमुळे घोटा डगमगतो. ज्याचा घोटा वारंवार मुरगळतो त्याने जाडीत कमी आणि पायाशी रुंद असा तळ शोधावा. तिसरा आकडा वजनाचा: रोजच्या बुटाचं वजन प्रत्येकी २५० ते ३०० ग्रॅमच्या आसपास असतं. एका बुटामागे १०० ग्रॅम वाढले की पळण्याला लागणारी ऊर्जा साधारण १ टक्क्याने वाढते. नवशिक्याच्या वेगात हा फरक कुठेच दिसत नाही, म्हणून हलकेपणासाठी टिकाऊपणा सोडू नये. आत कार्बनची पट्टी असलेले शर्यतीचे बूटही आत्ता नकोत. ते वेगात पळणाऱ्यासाठी घडवलेले असतात, सावकाश पळताना डळमळतात आणि लवकर संपतात.

मोजे सुती नसावेत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी मऊ होते, आणि मऊ कातडी घासली की फोड येतो. घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचे किंवा बारीक लोकरीचे मोजे घ्यावेत. बोटांवरची शिवण सपाट आहे ना ते उलटं करून बघावं.

लेस बांधण्यावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवा बूट न घेता निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. आपली नेहमीची सुरगाठ दोन प्रकारे पडते, एक पक्की आणि एक कच्ची, आणि अनेक जण आयुष्यभर कच्चीच बांधतात. ओळखायची खूण अशी: गाठ बांधून फासे सोडून द्या. ते बुटावर आडवे, डावीकडे-उजवीकडे पडले तर गाठ पक्की. ते फिरून घोटा आणि बोटांच्या दिशेने उभे राहिले तर कच्ची. कच्ची पडत असेल तर पहिली अढी उलट दिशेने घ्यायची, म्हणजे उजवी लेस डावीवरून नेत असाल तर डावी उजवीवरून न्यायची. फास नेहमीसारखाच करायचा. एवढ्याने गाठ सरळ होते. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या अभियंत्यांनी लेस का सुटते ते तपासलं. पाय जमिनीवर आदळतो तेव्हा गाठ जरा सैल होते, आणि पाय झोका घेताना मोकळी टोकं चाबकासारखी हलून तिला ओढतात. हे हजारो वेळा झालं की गाठ एकाएकी सुटते. कच्ची गाठ यात आधी हरते. फास आणि टोकं लांब लोंबत असतील तर ती लेसच्या आडव्या पट्ट्यांखाली खोचून टाकावीत.

बुटाच्या सर्वांत वर, घोट्याशी एक जादा छिद्र असतं. ते बहुतेकांनी कधी वापरलेलंच नसतं. टाच निसटत असेल तर तेच कामाला येतं. लेस शेवटच्या नेहमीच्या छिद्रातून बाहेर आली की त्याच बाजूच्या जादा छिद्रात बाहेरून आत घालायची, पूर्ण ओढायची नाही, करंगळी जाईल एवढं कडं बाहेर ठेवायचं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावं टोक उजव्या कड्यातून आणि उजवं टोक डाव्या कड्यातून ओवायचं, दोन्ही टोकं आधी खाली आणि मग मागे ओढायची आणि गाठ मारायची. घोट्याभोवती बूट आवळतो, चवडा मोकळा राहतो. पावलाची वरची बाजू बधिर होत असेल किंवा तिथलं हाड दुखत असेल, तर त्या जागेवर लेसची अढी नको: त्या दोन छिद्रांच्या मध्ये लेस फुली न करता आपापल्या बाजूने सरळ वर न्यावी. चवडा आवळत असेल तर बोटांजवळचं पहिलं छिद्र मोकळं सोडावं.

काय दुखतं यावरून कुठे बघायचं ते ठरतं. नख काळं पडलं तर लगेच मोठा नंबर घेऊ नका. आधी लेस सैल राहून पाऊल पुढे घसरतंय का ते बघा, उतारावर हे हमखास होतं. लेस घट्ट असूनही पुढे आपटत असेल तर बूट आखूड आहे. करंगळीला बाहेरून फोड येत असेल तर रुंदी कमी. चवड्याखाली जळजळ होत असेल तर पुढची लेस आवळलेली किंवा साचा अरुंद. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेखाली कळ येत असेल तर तळव्याच्या पट्ट्यावर ताण आला आहे. पळणं कमी, पोटरीचे व्यायाम चालू. नडगीच्या आतल्या कडेला पसरून दुखत असेल तर बहुतेक वेळा बुटापेक्षा अंतर वाढवण्याची घाई कारणीभूत असते. एखाद्या दिवशी उत्साहात एकदम दुप्पट पळणं हेच जास्त नडतं. मात्र हाडावर बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल आणि रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावं. हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती नव्या बुटाने भरून येत नाही.

पळून आल्यावर बूट लेस सोडून काढावा. टाचेवर दुसऱ्या पायाचा दाब देऊन काढला की मागचा कप हळूहळू मोडतो, आणि तो मोडला की टाच निसटणं कायमचं. भिजला असेल तर सुकतळा बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे, आणि सावलीत वाळवायचा. कडक ऊन, हीटर, वॉशिंग मशीन यांनी डिंक सुटतो आणि तळातला मऊ फोम आखडतो. धुवायचा तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. हा बूट फक्त पळायलाच वापरावा. दिवसभर बाजारहाट करूनही तो झिजतोच, आणि ते अंतर हिशोबात येत नाही.

रोजचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. वजनदार शरीर आणि खडबडीत रस्ता असेल तर त्याआधी संपतो. आठवड्याला तीनदा चार-चार किलोमीटर, म्हणजे १२ किलोमीटर पळणाऱ्याचे ६०० किलोमीटर व्हायला वर्ष लागतं. पहिल्या दिवसाची तारीख सुकतळ्याच्या खालच्या बाजूला पेनाने लिहून ठेवावी, आठवणीवर भरवसा ठेवू नये. तळाचं रबर पाहून निर्णय घेणं फसवं असतं, कारण रबर शाबूत असताना आतला फोम मेलेला असू शकतो. बूट संपल्याच्या खुणा अशा: फोमच्या बाजूवर आडव्या सुरकुत्या कायमच्या दिसायला लागतात, अंगठ्याने दाबल्यावर तो परत फुगत नाही, आणि वेग-अंतर तेच असताना गुडघे किंवा पोटऱ्या दोन-तीन दिवस जड राहतात. तळाची टाच बाहेरच्या कडेला जास्त झिजणं मात्र साधारण आहे, त्यावरून पावलात दोष शोधू नये.

जुना जोड पूर्ण संपण्याची वाट पाहू नका. शंभरेक किलोमीटर उरलेले असतानाच नवा घ्या, आणि तीन-चार आठवडे दोन्ही आलटून-पालटून वापरा: छोटं अंतर नव्यात, लांबचं जुन्यात. दोन जोड असले की प्रत्येकाला पूर्ण वाळायला वेळ मिळतो, आणि ताण रोज एकाच जागी पडत नाही. नवा घेताना 'तेच मॉडेल, तोच नंबर' म्हणून डोळे मिटून मागवू नका. कंपन्या दर वर्ष-दीड वर्षाने त्याच नावाखाली साचा, फोम, जीभ बदलतात. तुमचं पाऊलही वर्षभर पळून किंचित पसरलेलं असू शकतं, त्यामुळे कागद पुन्हा भिंतीला लावावा. मागच्या वर्षीचं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, पण लेबलवर तयार झाल्याची तारीख बघून. वर्षानुवर्षं डब्यात पडलेल्या बुटाचा डिंक न वापरताच जुना होतो, आणि असा तळ पहिल्या पावसातच सुटून येऊ शकतो.